हेक्सडी: सेव्ह न केलेला मराठी मजकूर रॅममधून काढायला कितपत कामाचं?

कोकणात डीटीपीचं दुकान किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं) केंद्र चालवणाऱ्याला मजकूर गमावायचे दोन रस्ते पाठ असतात. एक, लाईट जाणं. दुसरा, खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येणं. पहिल्यात रॅम रिकामी होते, विषय संपला. दुसऱ्यात मात्र मजकूर गेलेला नसतो. खिडकी पांढरी पडली, माउसचा गोल फिरत राहिला, तरी प्रोग्राम बंद होईपर्यंत टाइप केलेलं बहुतेक सगळं मेमरीत तसंच पडून असतं. ते हुडकून बाहेर काढायला जी फुकटची साधनं मिळतात, त्यात मराठीसाठी हेक्सडी सगळ्यात भरवशाचं. इंग्रजीसाठी ते पहिल्या नंबरावर नाही. कारण पुढे येईलच.

हेक्सडी हा विंडोजवरचा हेक्स एडिटर, म्हणजे प्रत्येक बाइट सोळाच्या पायाच्या (हेक्स) दोन आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम, माएल ह्यॉर्त्स यांनी लिहिलेला. फाइल, अख्खी डिस्क किंवा चालू प्रोग्रामची मेमरी, तिन्ही उघडतो. घरी आणि धंद्यात, दोन्हीकडे फुकट. २.५ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२१ ची. डाउनलोड जेमतेम काही एमबीचं, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही अडत नाही. फक्त ते एमएच-नेक्सस या मूळ साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या डाउनलोड साइटांवर सोबत काय काय चिकटून येईल सांगता येत नाही. पोर्टेबल आवृत्तीही मिळते. ती आधीच पेन ड्राइव्हवर ठेवलेली बरी, कारण प्रोग्राम अडकल्यावर त्याच मशीनवर नवीन काही बसवत बसणं शहाणपणाचं नाही.

आधी काय करायचं नाही ते. ‘एंड टास्क’ दाबायचं नाही. ‘वेट ऑर क्लोज’ विचारलं तर क्लोज नाही. प्रोग्राम बंद झाला की त्याची मेमरी विंडोज परत घेतं आणि दुसऱ्या प्रोग्रामला देण्याआधी ती पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) शून्यांनी पुसतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण आपल्या मजकुरावर तिथेच पाणी पडतं. त्यानंतर हेक्सडीच काय, नेहमीच्या वापरातलं कुठलंच साधन त्या जागेपर्यंत पोचत नाही.

मेमरीला हात घालण्यापूर्वी स्वस्तातले उपाय बघून घ्यावेत. वर्डची ऑटोरिकव्हरची फाइल, लिबरऑफिसचं बॅकअप फोल्डर, विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये आपोआप जपलेले टॅब, आणि विंडोज+व्ही दाबून दिसणारा क्लिपबोर्डचा इतिहास. हा इतिहास शेवटच्या २५ नोंदी ठेवतो, अर्थात आधी चालू करून ठेवला असेल तर. यांतलं काहीच हाताला लागलं नाही तरच पुढचा खटाटोप.

हेक्सडीत ‘टूल्स’ मेनूतून ‘ओपन मेन मेमरी’ निवडलं की चालू प्रोग्रामची यादी येते. हवा तो निवडला की मेमरी उघडते. ६४ बिटच्या प्रोग्रामसाठी ६४ बिटचंच हेक्सडी लागतं, आणि अडकलेला प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर हेक्सडीही तसंच उघडावं लागतं. एक सोय छान आहे: पत्त्यांमधल्या ज्या जागा वापरातच नाहीत त्या घडी घालून मिटलेल्या असतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रामचा पत्त्यांचा पट १२८ टीबीपर्यंत जातो. ही घडी नसती तर स्क्रोल करता करता गणपती आले असते.

तरी थेट मेमरी उघडण्यापेक्षा आधी डंप, म्हणजे त्या मेमरीची फाइलमधली प्रत, काढणं आम्ही जास्त पसंत करू. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘क्रिएट डंप फाइल’ (विंडोज ११ मध्ये ‘क्रिएट मेमरी डंप फाइल’). फाइल युजरच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते, पत्ता शेवटी दाखवला जातो. ती तिथून हलवून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायची आणि साध्या फाइलसारखी हेक्सडीत उघडायची. याचे फायदे दोन. मेमरी हलती असते, डंप स्थिर. शोधत असताना पायाखालून मजकूर सरकत नाही. आणि हेक्सडीत चुकून एखादी कळ दाबली गेली तर बदललेला बाइट लाल दिसतो, पण सेव्हही दाबलं गेलं तर थेट मेमरी उघडली असताना तो बदल चालत्या प्रोग्राममध्ये जातो. डंपवर तेवढं नुकसान होत नाही. जागेचा अंदाज घ्या: नोटपॅडचा डंप लहान असतो, क्रोमच्या एका टॅबचा काहीशे एमबी सहज होतो.

काही जण अख्ख्या रॅमचा डंप काढणारी साधनं सुचवतात. या कामाला ती निरुपयोगी नसली तरी उलटी पडतात. प्रत्यक्ष रॅममध्ये प्रोग्रामची मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत विखुरलेली असते. यूटीएफ-१६ मध्ये एका पानात २,०४८ चिन्हं मावतात, काना-मात्रा-वेलांट्या धरून. म्हणजे दोन कागदी पानांचा ठराव असेल तर त्याचा पहिला तुकडा एकीकडे आणि दुसरा भलतीकडेच. शिवाय विंडोज १० पासून फारशी न लागणारी पानं दाबून, कॉम्प्रेस करून ठेवली जातात. तशा पानात शब्द शोधून सापडत नाही. एकाच प्रोग्रामची मेमरी वाचली की पानं सलग आणि उलगडून मिळतात. म्हणून प्रोग्रामपुरतंच शोधा.

आता मुख्य भाग, जिथे बहुतेकांचं घोडं अडतं. मराठी शब्द सर्चच्या चौकटीत टाकला, ‘नॉट फाउंड’ आलं, आणि साधन बेकार ठरवून मोकळे झाले, असं होतं. गडबड एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीची असते. फाइलमध्ये किंवा वेबसाइटवर मराठी यूटीएफ-८ मध्ये असते, तिथे प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पण विंडोजचे प्रोग्राम चालू असताना मजकूर साधारणपणे यूटीएफ-१६ लिटल एंडियनमध्ये बाळगतात: प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, आणि लहान बाइट आधी.

‘देवगड’ घ्या. द, एकार, व, ग, ड, अशी पाच चिन्हं. मेमरीत ती अशी दिसतात:

२६ ०९ ४७ ०९ ३५ ०९ १७ ०९ २१ ०९

मराठीला लागणारी देवनागरीची सगळी चिन्हं युनिकोडच्या ०९ च्या पट्ट्यात येतात, म्हणून दर दुसरा बाइट ०९. हेक्सडीत एका ओळीत १६ बाइट दिसतात, त्यामुळे मराठी मजकुराचा भाग आला की ०९ चे उभे रकाने नजरेत भरतात. शब्दांमधली मोकळी जागा २० ०० अशी येते. एकदा ही नक्षी ओळखता आली की शोधण्याआधी नुसतं स्क्रोल करूनही मजकूर कुठे आहे ते कळतं. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात मात्र ‘देवगड’ कुठेच दिसणार नाही. तिथे अँपरसँड, टिंब, इंग्रजी जी, टिंब, पाचचा आकडा, तीन टिंबं, उद्गारचिन्ह आणि पुन्हा टिंब, एवढंच. हेक्सडीचा तो रकाना एका बाइटला एक अक्षर या हिशोबानेच चालतो. २०२१ च्या आवृत्तीत या रकान्यात देवनागरी दाखवायची सोय नसावी ही या साधनाची सगळ्यात मोठी उणीव, आणि आमच्या मते अक्षम्य.

शोधायचं असं. कंट्रोल+एफ. ‘टेक्स्ट-स्ट्रिंग’ टॅबमध्ये शब्द टाका, एन्कोडिंग यूटीएफ-१६ लिटल एंडियन करा, ‘सर्च डायरेक्शन’ला ‘ऑल’ निवडा; नाहीतर कर्सर मध्ये कुठेतरी असेल तिथून पुढेच शोधलं जातं. तरी सापडलं नाही तर ‘हेक्स-व्हॅल्यूज’ टॅबमध्ये वरच्यासारखे बाइट टाका. इथे इंग्रजी आकडेच चालतात, मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर आधी तो बंद करा. कुठल्या शब्दाचे बाइट काय हे पाठ असायची गरज नाही: नोटपॅडमध्ये तो शब्द लिहायचा, ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई निवडायचं, ती फाइल हेक्सडीत उघडायची आणि बाइट कॉपी करायचे. सुरुवातीचे दोन बाइट सोडून. ती फाइलच्या एन्कोडिंगची खूण असते, मजकूर नव्हे. ती सोबत घेतली तर काहीही सापडत नाही. नोटपॅडच अडकलेलं असेल तर हा शब्द दुसऱ्या मशीनवर लिहा, कारण विंडोज ११ मध्ये नोटपॅडचे सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये चालतात.

‘सर्च ऑल’ बटण दाबलं की सगळ्या जागांची यादी खाली येते, आणि ती बहुधा अपेक्षेपेक्षा लांब असते. एकच मजकूर मेमरीत अनेकदा असतो: चालू प्रत, अनडूसाठी ठेवलेली, क्लिपबोर्डला गेलेली, जुन्या वाक्याचा पुसायचा राहिलेला अवशेष. प्रत्येक जागी जाऊन ०९ चा पट्टा कुठून कुठपर्यंत सलग आहे ते बघा आणि सगळ्यात लांब पट्टा धरा. वर्डमध्ये मात्र एक लांब पट्टा मिळेलच असं नाही. तिथे दुरुस्त्या केलेला मजकूर तुकड्यातुकड्यांनी सापडतो, जोडकाम आपण करायचं.

शोधशब्द निवडतानाही थोडं डोकं लागतं. गावाचं नाव, यजमानांचं आडनाव असा त्या मजकुरातच असणारा शब्द घ्या. ‘आहे’, ‘आणि’ घेतलं तर शेकडो जागा येतील. आणि ‘ऱ्य’ असलेला शब्द टाळा. ‘सुपाऱ्या’ डोळ्याला एकच दिसतं, पण एका कीबोर्डवर त्यात ऱ हे वेगळं चिन्ह जातं, तर दुसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. बाइट वेगळे, म्हणून शोध फसतो. ‘सुपा’ एवढंच शोधा. ‘ॲ’चंही तसंच: कुठे एकच चिन्ह, कुठे ‘अ’वर वेगळा चंद्र. आकडे देवनागरीत टाइप झालेत की इंग्रजीत, हेही आठवून घ्या.

मजकूर उचलताना ‘एडिट’मधल्या ‘सिलेक्ट ब्लॉक’मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता द्यायचा, कॉपी करायचं, नवीन रिकाम्या फाइलमध्ये पेस्ट. फाइलचा आकार बदलतोय असा इशारा येतो, ‘ओके’ म्हणायचं. टीएक्सटी नावाने सेव्ह करून नोटपॅडच्या ‘ओपन’ चौकटीत यूटीएफ-१६ एलई निवडून उघडायचं. इथली एकच चूक सगळ्यांना घाबरवते: निवड एक बाइट पुढून सुरू झाली की जोड्या फिरतात. ‘देवगड’चा पहिला २६ सुटला तर ०९ ४७ आणि ०९ ३५ ची चिनी वळणाची दोन अक्षरं होतात आणि शेवटच्या ०९ २१ मधून फॅरनहाइटची खूण उगवते. फाइल बिघडलेली नसते. निवड एक बाइट मागे घ्या, मराठी परत येते.

आता जुन्या फॉन्टवाल्यांसाठी. कणकवलीपासून चिपळूणपर्यंत पत्रिका, हँडबिलं, दशावताराचे बोर्ड अजूनही पेजमेकरवर कृतिदेव किंवा श्रीलिपीत बसवणारी दुकानं आहेत. तिथे वरचं ०९ चं गणित लागू पडत नाही. या फॉन्टांत मेमरीतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त दिसतात मराठी. कृतिदेवमध्ये ‘देवगड’ म्हणजे लहान एन, लहान एस, लहान ओ, लहान एक्स आणि मोठा एम. हे शोधताना ‘केस सेन्सिटिव्ह’वर टिचकी हवीच, कृतिदेवमध्ये मोठा एम म्हणजे ड आणि लहान एम म्हणजे उ. पेजमेकरमध्ये साध्या एन्कोडिंगने शोधा, तोच मजकूर वर्डमध्ये असेल तर यूटीएफ-१६ नेही शोधून बघा. श्रीलिपीची जुळणी वेगळी. जुन्या एखाद्या फाइलमधला तोच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की कुठली अक्षरं शोधायची ते समोर येतं.

ऑनलाइन फॉर्मचं प्रकरण थोडं निराळं. लांबलचक तपशील भरला, ‘सेशन एक्स्पायर्ड’ आलं, टॅब अजून उघडा आहे. क्रोममध्ये शिफ्ट+एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो आणि कुठल्या टॅबची प्रोसेस आयडी काय ते दिसतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तोच आयडी शोधून डंप घ्या. मराठी मजकूर इथेही यूटीएफ-१६ मध्येच असतो. पण ब्राउझर नको असलेली मेमरी सतत साफ करत असतो, म्हणून डंप लगेच घ्यायला हवा. टॅब रिफ्रेश करून, पाच मिनिटं शोधाशोध करून मग घेतलेल्या डंपमध्ये काही मिळालं तर नशीब म्हणायचं.

आकडे शोधायलाही हेक्सडी चांगलं, पण हिशोब कुठल्या रूपात ठेवलाय ते कळायला हवं. आंब्याच्या पेट्यांच्या बिलाची ४६६० ही रक्कम (हेक्समध्ये १२३४) ३२ बिटच्या पूर्णांकात ३४ १२ ०० ०० अशी उलटी दिसते. ‘इंटिजर नंबर’ टॅबमध्ये नुसता आकडा दिला की हे गणित तोच करतो. एक्सेल मात्र संख्या ८ बाइटच्या फ्लोटिंग पॉइंट रूपात ठेवतं, त्यासाठी ‘फ्लोटिंग पॉइंट’ टॅबमध्ये डबल निवडा.

आता तुलना. पूर्वी प्रोसेस हॅकर नावाने ओळखला जाणारा सिस्टम इन्फॉर्मर इंग्रजी मजकुरासाठी कितीतरी सुटसुटीत. प्रोग्रामवर डबल क्लिक, ‘मेमरी’ टॅब, ‘स्ट्रिंग्ज’ बटण. मेमरीतले सगळे वाचता येणारे तुकडे पत्त्यासह यादीत येतात, वर फिल्टर. मूळ मांडणीत तो इंग्रजी अक्षरांचेच तुकडे उचलतो, युनिकोड मराठी सरळ गळते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ‘स्ट्रिंग्ज’ही तसंच. तरी मराठीवाल्यांनी सिस्टम इन्फॉर्मर टाकून देऊ नये. त्याची तुकड्याची किमान लांबी सहसा १० असते, आणि पत्रिकेत, निविदेत, फॉर्ममध्ये १० आकडी मोबाइल नंबर असतोच. तो इंग्रजी आकड्यांत असेल तर सिस्टम इन्फॉर्मरमध्ये शोधायचा, मिळालेला पत्ता हेक्सडीच्या थेट उघडलेल्या मेमरीत कंट्रोल+जी दाबून टाकायचा, आणि तिथून वर-खाली ०९ चा पट्टा गाठायचा. ही जोडगोळी एकट्या हेक्सडीपेक्षा लवकर काम उरकते. मात्र सिस्टम इन्फॉर्मर अँटीव्हायरसच्या डोळ्यावर येऊ शकतो, ती तयारी ठेवा.

उणिवांत आणखी एक: हेक्सडीत रेगेक्स (नमुना देऊन शोधायची सोय) नाही. ‘दर दुसरा बाइट ०९ असलेले सलग दोनशे बाइट जिथे असतील ती जागा दाखव’ असं सांगता येत नाही. मराठी वाचता न येणं आणि हे, या दोन गोष्टी नसत्या तर पाचपैकी पाच दिले असते. सध्या साडेतीन.

डंपबद्दल सीएससीवाल्यांनी विशेष जपायचं. ब्राउझरच्या डंपमध्ये आधार क्रमांक, बँकेचे तपशील, पासवर्ड, गिऱ्हाइकाने भरलेलं सगळं उघडं पडलेलं असतं. तो व्हॉट्सॲपवर कुणा ‘जाणकारा’कडे पाठवायचा नाही, दुकानाच्या मशीनवर विसरायचाही नाही. हेक्सडीच्या ‘फाइल टूल्स’मध्ये फाइल श्रेडर आहे, त्याने पुसा. हार्ड डिस्कवर ते पुरतं. एसएसडीवर जुन्या जागेवरच नवं लिहिलं जाईल याची खात्री नसते, म्हणून शक्य असेल तर डंप मुळात बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) लावलेल्या ड्राइव्हवरच हलवा.

राहिली लाईट. रॅममधला विद्युतभार दर काही मिलिसेकंदांनी ताजा करावा लागतो. वीज तुटली की काही सेकंदांत तो विरतो. स्वॅपसाठीच्या पेजफाइलमध्ये काही पानं उतरलेली असतील तर हेक्सडीच्या डिस्क एडिटरने ती चाळता येतात, पण आशा ठेवण्याइतकी शक्यता नाही. पावसाळ्यात डेस्कटॉपला इन्व्हर्टर असूनही मशीन रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही.